सत्तेचाळिसावा किलोमीटर

बंदरापासून निघून पठारावरच्या शहरात पोचणारा हमरस्ता एकशे अठरा किलोमीटरचा आहे, असं त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या सांगत होत्या. रस्ते खात्याच्या कचेरीतला भिंतभर नकाशाही तेच सांगत होता. तो तेवढा नाही, हे बऱ्याच लोकांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर मांडणं वेगळं. कागदावर मांडायची खोड होती ती एका बाईला, आणि तिची बदली नेमकी याच कचेरीत झाली.

बाई खात्यात अभियंता होती. वय एकतीस. पायात बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कायम एक मोजपट्टीची टेप. आल्या दिवशी तिने स्वतःचं टेबल मोजलं, ते दोन बोटं तिरकं निघालं, तेव्हा शिपायाला हाक मारून सरळ करून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनचं दार मोजलं. आठवडा संपायच्या आत सगळी कचेरी तिला मागून ‘टेपबाई’ म्हणायला लागली. महिन्याभराने समोरूनही म्हणायला लागली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. "निदान खोटं तरी नाही," ती म्हणाली.

बदली तिने मागून घेतली होती, वडिलांसाठी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि म्हातारा एकटा काठी टेकत जिने चढउतर करतो हे तिला लांबून बघवत नव्हतं. वडील बसचालक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी याच हमरस्त्यावर बस चालवली होती. पण हे तिला कामाच्या संदर्भात कधी सुचलंच नाही. बाप हा बाप असतो, त्याच्याकडून रस्त्याची माहिती घ्यायची असते हे कुणाच्या डोक्यात येतं?

त्या वर्षी खात्याने ठरवलं, की हमरस्त्यावरच्या सगळ्या अंतराच्या पाट्या बदलायच्या. आजवरच्या पाट्या हाताने रंगवलेल्या होत्या. नव्या यंत्रावर कापून येणार होत्या, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या. पाट्या होत्या चौसष्ट, आणि प्रत्येकीवर कुठून कुठे किती अंतर हे कळवायचं काम टेपबाईकडे आलं.

"जुन्या पाट्यांवरचेच आकडे उतरवून पाठवा. दोन दिवसांचं काम आहे," साहेब म्हणाले.

"आकडे बरोबर आहेत का, ते बघून पाठवते," टेपबाई म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हे साहेब स्वभावाने गरीब होते, पण कशावरही त्यांचा एकच प्रश्न असे: "कागद आहे का?" कुणी रजा मागितली तरी, कुणी पूल खचला म्हणून सांगत आलं तरी. म्हणून त्यांना ‘कागदसाहेब’ म्हणत. ते मात्र अजून मागूनच.

मोजणीला जीप मिळाली आणि जीपबरोबर खात्याचा रंगारी मिळाला. रंगारीकाकांना निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. या रस्त्यावरचं जवळजवळ प्रत्येक अक्षर त्यांच्या हातचं होतं. ‘पुढे शाळा आहे’, ‘अरुंद पूल’, ‘सावकाश’. त्यांच्या ‘सावकाश’मधला काना असा निवांत खाली यायचा, की तो बघूनच चालकाचा पाय ब्रेकवर जावा. आता यंत्र आल्यावर आपण काय करायचं, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला, की ते म्हणायचे, "यंत्राला चहा कोण पाजणार?"

जीपच्या मागे मोजणीचं चाक जोडलं आणि दोघं बंदरापासून निघाले. एकेका किलोमीटरच्या दगडापाशी थांबायचं, आकडा लिहायचा, पुढे जायचं. पहिले सेहेचाळीस दगड गुणी मुलांसारखे निघाले. कुणी चार मीटर पुढे, कुणी सहा मीटर मागे; तेवढं चालतं. मग सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मध्ये एक टेकडी लागली, टेकडी मधोमध फोडून केलेली खिंड लागली, आणि खिंडीतून बाहेर पडतोय न पडतोय तोच सत्तेचाळिसावा दगड समोर उभा.

टेपबाईने चाकाचा आकडा पाहिला. तीनशे ऐंशी मीटर.

"चाक बिघडलं," ती म्हणाली.

ती उतरली, हाताने ढकलायचं चाक घेतलं आणि उन्हातून चालत मागे गेली. परत आली. तीनशे एक्क्याऐंशी. रस्त्याच्या दुसऱ्या कडेने पुन्हा गेली, पुन्हा आली. तीनशे ऐंशी. एवढा वेळ रंगारीकाका सत्तेचाळिसाव्या दगडावर बसून शेंगदाणे खात होते.

"काका, हा किलोमीटर किलोमीटर नाहीये."

"नाहीच मुळी."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"लंगडा आहे तो. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

काकांनी शेंगदाण्याची सालं फुंकून टाकली. "लंगड्याला तोंडावर लंगडा म्हणू नये, ताई."

पुढचं सगळं मोजून झाल्यावर हिशोब स्पष्ट झाला. सत्तेचाळीसपासून एकशे अठरापर्यंतचे बहात्तर दगड आपल्या खऱ्या जागेपेक्षा सहाशे वीस मीटर अलीकडे उभे होते. रस्ता एकशे अठरा किलोमीटरचा नव्हताच. एकशे सतरा आणि वर तीनशे ऐंशी मीटर, एवढाच होता.

रंगारीकाकांनी कारणही सांगितलं. पूर्वी रस्ता टेकडीला वळसा घालून जायचा. चौतीस वर्षांपूर्वी खिंड फोडली, वळसा वाचला. दगड मात्र राहिले तिथेच.

"आळस!" टेपबाई म्हणाली. "निव्वळ आळस. चौतीस वर्षं बहात्तर दगड खोटं बोलतायत आणि सगळं खातं माना डोलावतंय."

खिंड फोडली त्या वेळी काका खात्यात नवे होते, घमेली उचलायच्या कामावर. साहेबांनी असं का केलं, हे घमेलं उचलणाऱ्याला कोण सांगतं?

टेपबाईने दुरुस्तीचा प्रस्ताव लिहिला. सात पानं, तीन तक्ते. कागदसाहेबांना एवढा सुरेख कागद बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि सही केली.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. वडील गुडघ्याला शेक देत खिडकीशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गालातल्या गालात हसले.

"हसताय काय, बाबा?"

"काही नाही. बहात्तर दगड?"

"बहात्तर. तुम्ही एकतीस वर्षं त्या रस्त्याने गेलात, तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

"जाणवायचं काय त्यात? सेहेचाळीसला तिसरा गिअर टाकला, की चौथा पडायच्या आत सत्तेचाळीस यायचा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू मोजलंस." त्यांनी शेकाची पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. "बघ बाई, दगड हलवशील तू. पण तिथल्या लोकांचा सगळा कारभार त्या दगडांवर चालतो. एकदा विचारून तरी घे."

"चुकीच्या जागी उभा असलेला दगड बरोबर जागी नेला, तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

वडील पुन्हा गुडघा शेकायला लागले. मुलगी आपल्यासारखीच हट्टी आहे, एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यात त्यांना थोडी मौजही वाटत होती.

सोमवारी काम सुरू झालं. लहान क्रेन, सहा मजूर, आणि रंगाचे डबे घेऊन रंगारीकाका. एक दगड उपटायचा, सहाशे वीस मीटर पुढे न्यायचा, खड्डा घेऊन रोवायचा, टेपबाईने मोजायचं, काकांनी रंग द्यायचा. गुरुवारपर्यंत सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न असे बारा दगड बरोबर जागी गेले. टेपबाई उन्हाने काळवंडली होती, पण खुशीत होती. त्या रात्री तिला अशी गाढ झोप लागली, की गजर दोनदा वाजून थकला.

शुक्रवारी क्रेन दुरुस्तीला गेली, आणि त्याच दिवशी पहिली तक्रार आली. त्रेपन्नाव्या दगडाजवळ एक शाळा होती. तिला सगळे ‘त्रेपन्नची शाळा’च म्हणत. तिथे नव्या शिक्षिका रुजू व्हायच्या होत्या. बसच्या नव्या चालकाने त्यांना इमानाने त्रेपन्नाव्या दगडापाशी उतरवलं. तिथे ना शाळा, ना मुलं, एक बांध आणि बांधावर दोन बकऱ्या. बाई ट्रंक ओढत सहाशे वीस मीटर मागे चालत आल्या आणि पहिल्याच दिवशी स्वतःच उशिरा आल्याबद्दल वर्गाची माफी मागती झाल्या. मुलांना त्या फार आवडल्या, पण मुख्याध्यापकांना हे आवडलं नाही. त्यांनी खरमरीत पत्र धाडलं.

"सवय होईल हळूहळू," टेपबाई म्हणाली. पण तिचा आवाज गुरुवारइतका भरदार नव्हता.

शनिवारी जे झालं, ते मात्र हळूहळू नव्हतं.

चोपन्नाव्या दगडापाशी एक दूधवाल्या मावशी राहायच्या. धिप्पाड बाई, सात गाई, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगराने वळून बघावं. शनिवारी सकाळी त्यांच्या एका गाईचं पोट फुगलं. मावशींनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. फोन नीट लागत नव्हता. डोंगरात मोबाईलवरचा नकाशा तर नुसता भोवऱ्यासारखा फिरत राहायचा. मावशी ओरडून म्हणाल्या, "चोपन्नाव्या दगडाजवळ! डाव्या हाताला गोठा!" आणि फोन तुटला.

डॉक्टर तरुण होते, वर्षभरापूर्वी आलेले, कामाला चोख. ते मोटारसायकलवरून निघाले. चोपन्न दिसला, डाव्या हाताला गोठाही दिसला. गोठ्यात एक गाय उभी होती आणि दारात एक आजोबा बाजेवर बसले होते.

"आजोबा, हीच ना ती गाय?" डॉक्टरांनी विचारलं.

आजोबांना कानाने साफ ऐकू येत नव्हतं. पण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. ते म्हणाले, "हो हो, या या."

"कधीपासून आहे असं?"

"सात वर्षं झाली की!" आजोबा गाईच्या वयाबद्दल बोलत होते.

डॉक्टर चक्रावले. त्यांनी गाईच्या पोटावर थाप मारून पाहिली. नुकतीच भरपेट खाऊन आली होती, पोट तट्ट होतं. फार फुगलेलं वाटत नव्हतं. पण मालकिणीने एवढं जीव तोडून बोलावलं होतं. त्यांनी बाटलीभर तेलाचं औषध गाईच्या घशात ओतलं. गाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की डॉक्टर पुढे म्हणायचे, "एवढा अपमान माझा परीक्षेतही कुणी केला नव्हता."

इकडे मावशी वाट बघून थकल्या. तासाभराने फोन लागला.

"अहो डॉक्टर, येताय ना?"

"मी येऊन गेलो, मावशी. औषध दिलं. आता बरं वाटेल तिला."

"कुणाला?"

"गाईला."

"कुठल्या गाईला? माझी गाय माझ्या डोळ्यांसमोर ढोलासारखी उभी आहे!"

डॉक्टर मागे फिरून येईपर्यंत गाय थांबणार नव्हती, म्हणून मावशींनी स्वतःच पदर खोचला. आईने शिकवलेला उपाय त्यांना आठवला. त्यांनी एक जाड काठी गाईच्या तोंडात आडवी धरून दोरीने बांधली, म्हणजे गाय चघळत राहते, आणि तिला दावणीतून काढून चढावर वर-खाली फिरवली. तिसऱ्या फेरीला गाईने असा दणदणीत ढेकर दिला, की शेजारची कुत्री भुंकायची थांबली. गाय बरी झाली. आजोबांची धडधाकट गाय मात्र पुढचे दोन दिवस आजारी माणसासारखी कोपऱ्यात उभी होती, आणि गोठ्याची काय दशा झाली ते न सांगितलेलंच बरं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मावशी कचेरीत हजर झाल्या. बरोबर डॉक्टर होते, आणि आजोबांचे चिरंजीव होते, ज्यांनी दोन दिवस गोठा धुतला होता.

"दगड कुणी हलवला?" मावशींनी दारातूनच विचारलं. फायलींवरची धूळ उडाली.

सगळ्या कचेरीने एकदम टेपबाईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली. "मी."

मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांना कुणी तरी मिशाळ, पोट सुटलेला अधिकारी अपेक्षित असावा. आवाज जरा खाली आला. "का गं पोरी?"

"तो चुकीच्या जागी होता, मावशी. सहाशे वीस मीटर."

"चुकीच्या जागी? माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तो माझ्या दारात आहे. पत्रं चोपन्नला येतात. सोयरीक बघायला आलेले चोपन्नला उतरतात. माझा नातू हरवला होता, त्याने पोलिसाला काय सांगितलं? नाव नाही, गाव नाही. ‘चोपन्न’ म्हणाला, आणि दुपारच्या आत घरी आला! आणि तू म्हणतेस दगड चुकला?"

टेपबाईच्या सात पानांत आणि तीन तक्त्यांत याचं उत्तर नव्हतं.

"आणि माझं औषध वाया गेलं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"वाया कुठे गेलं?" चिरंजीव म्हणाले. "चांगलं दोन दिवस लागू पडलं."

यावर मावशींनाच हसू फुटलं, मग डॉक्टरांना, मग सगळ्या कचेरीला. टेपबाई मात्र हसली नाही. मंडळी चहा घेऊन गेल्यावर ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, माझं चुकलं. दगड परत जागेवर नेऊ या."

कागदसाहेबांचा चेहरा पडला. "असं कसं? दगड चुकीच्या जागी आहेत असा कागद आहे. त्यावर माझी सही आहे. आता ते पुन्हा चुकीच्या जागी नेऊन ठेवा, असं मी कोणत्या आधारावर लिहू? तसा कागद आहे का?"

"गाईचं काय झालं ते..."

"गाईचा ढेकर जोडपत्र म्हणून लावता येत नाही, बाई. आधार आणा. जुना आदेश, जुनी नोंद, काहीही. मी लगेच सही करतो."

संध्याकाळी घरी ती ताटातलं नुसतं चिवडत बसली. वडिलांनी तिच्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाले, "खिंड फोडली तेव्हा इथे एक दाढीवाले साहेब होते. रोज माझ्या बसने कामावर जायचे, चालकामागच्या पहिल्या बाकावर बसून. मांडीवर एक लाल वही असायची. बस खड्ड्यात आदळली, की ते वहीत काहीतरी लिहायचे. मला आधी वाटायचं, माझी तक्रार लिहितात."

"मग काय लिहायचे?"

"मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘रस्त्याची कुंडली.’"

दुसऱ्या दिवशी टेपबाई आणि रंगारीकाका कचेरीच्या तळघरातल्या दप्तरखान्यात उतरले. लोखंडी मांडण्या, वाळवीने कुरतडलेले पुठ्ठे, आणि एकच दिवा, तोही मधूनच डोळा मारणारा. दुपारी तीनपर्यंत दोघांची केसांपासून भिवयांपर्यंत धुळीने रंगरंगोटी झाली. मग काकांनी खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. त्यात लाल कापडी बांधणीच्या चार वह्या होत्या.

टेपबाई जमिनीवरच बसली आणि वाचायला लागली. आणि काय शोधायला आलो हे घटकाभर विसरली.

तिथे सगळा रस्ता होता. आधी तो खेचरांची पायवाट होता, मीठ वर न्यायचा आणि लोकर खाली आणायचा. मग बैलगाड्या आल्या, तेव्हा नदीवर लाकडी पूल झाला. तो दोनदा वाहून गेला आणि दोन्ही वेळा खालच्या गावाने त्याची लाकडं अडवून घरं बांधली. एकोणतिसाव्या किलोमीटरला रस्ता उगाचच डावीकडे का झुकतो, तेही होतं: आखणी करणाऱ्याने एका म्हाताऱ्या बाईचं अक्रोडाचं झाड वाचवलं होतं. झाड गेलं, बाई गेली, वळण राहिलं. पहिलं डांबर, पहिली बस, पहिली पाटी. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं ‘डावीकडून चला’, आणि ती लावली होती उजवीकडे.

तिसऱ्या वहीत खिंड आली. ठळक, उभट अक्षर:

‘खिंड खुली केली. जुना वळसा बंद. सेहेचाळीस व सत्तेचाळीस या दगडांमधलं अंतर आता तीनशे ऐंशी मीटर. साखळीने तीनदा मोजलं. पुढचे दगड हलवण्याचा विचार केला. त्यासाठी सत्तेचाळीस ते साठ पायी हिंडून लोकांना विचारलं. दोनशे अकरा घरं दगडांच्या आकड्यांनी ओळखली जातात. आदेश: दगड हलवू नयेत. सत्तेचाळिसावा किलोमीटर आखूड म्हणून नोंदवावा. अंतराच्या पाट्यांवर मात्र खरं अंतर लिहावं.’

खाली सही आणि कचेरीचा शिक्का.

टेपबाईने ते दोनदा वाचलं. तिला वाटलं होतं, आळस. आणि इथे एक माणूस तिच्याआधी चौतीस वर्षं त्याच खिंडीत उन्हात उभा होता, तिच्यासारखंच तीनदा मोजत, आणि त्याचंही तीनशे ऐंशीच आलं होतं. फरक एवढाच, की तो त्यानंतर तेरा किलोमीटर चालला आणि लोकांशी बोलला.

"काका, त्यांनी पाट्यांवर खरं अंतर लिहायला सांगितलं होतं. मग तसं का झालं नाही?"

रंगारीकाकांनी कान खाजवला. "पाट्या रंगवायला माझ्याकडे आल्या तेव्हा दाढीवाल्या साहेबांची बदली झाली होती. मी दगडावरचे आकडे बघून रंगवल्या."

"म्हणजे चूक..."

"माझी," काका म्हणाले. मग दाताखाली जीभ धरून पोरासारखे हसले. "पण अक्षर चांगलं होतं ना?"

आता टेपबाई हसली. किती दिवसांनी हसली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

लाल वही घेऊन ती धुळीसकट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब काही विचारायच्या आत म्हणाली, "आहे. कागद आहे."

कागदसाहेबांनी वही उघडली, शिक्का बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा फुलला, जसा काही शाळेतला जुना मित्र भेटला. "काय शिक्का आहे! आता असे शिक्के राहिले नाहीत," ते म्हणाले आणि दगड हलवायचा आपला आदेश रद्द करून मोकळे झाले.

तीन दिवसांत बाराही दगड मूळ जागी परतले. या वेळी मजुरांना हात लावायला गावातली माणसं आली. प्रत्येक दगडाशी घोळका जमायचा आणि खड्डा इकडे की तिकडे यावर वाद घालायचा. टेपबाई नकाशा काढायची, पण बहुतेक ठिकाणी जुन्या खड्ड्याची माती अजून ओली होती, तेव्हा दगड स्वतःच आपली जागा सांगत होते. चोपन्नला मावशींनी सगळ्यांना पेला पेला गरम दूध दिलं. "आजारी गाईचं नाही ना?" एका मजुराने विचारलं. "आजारी नव्हती त्या गाईचं बंद आहे," मावशी म्हणाल्या.

चौसष्ट नव्या पाट्यांवर खरी अंतरं गेली. राहिला प्रश्न लंगड्या किलोमीटरचा. नव्याने येणाऱ्या चालकाला तो कळायला हवा, म्हणून सेहेचाळिसाव्या दगडापाशी एक पाटी लावायचं ठरलं. यंत्राच्या यादीत ती नव्हती. तेव्हा ती रंगारीकाकांच्या वाट्याला आली. पण लिहायचं काय, यावर कचेरीत अर्धा दिवस गेला. साहेब म्हणाले, ‘न्यून-अंतर विभाग’. काका म्हणाले, ‘लंगडा’, सरळ आणि सोपं. शिपाई म्हणाला, काहीच लिहू नका, लोकांना वाटू दे की आपण वेगात चाललोय. शेवटी टेपबाईचा मजकूर मान्य झाला, आणि काकांनी तो चार दिवस लावून, प्रत्येक काना मनासारखा येईतो रंगवला:

‘पुढचा किलोमीटर ३८० मीटरचा आहे. चूक नाही.’

पाटी लागल्यावर लोक गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. एक सायकलवाला दर रविवारी येऊन तो किलोमीटर दहा वेळा मारायचा आणि घरी जाऊन ‘दहा किलोमीटर केले’ म्हणून सांगायचा.

मग एके दिवशी त्रेपन्नच्या शाळेतून पत्र आलं. या वेळी ते खरमरीत नव्हतं. ट्रंकवाल्या बाईंनी वर्गात अंतर शिकवताना या पाटीचा विषय काढला होता आणि एका मुलीने विचारलं होतं, "उरलेले सहाशे वीस मीटर कुठे गेले?" बाईंना उत्तर आलं नाही. टेपबाई येऊन दाखवतील का?

टेपबाई गेली. वडिलांनाही जीपमध्ये घालून घेऊन गेली. आता गुडघा बरा होता, आणि जुना वळसा त्यांच्याइतका कुणाला माहीत होता? रंगारीकाका आपण होऊनच येऊन बसले होते.

खिंडीच्या अलीकडे झुडपांत एक वाट शिरत होती. गवत गुडघाभर. पंचवीस मुलं एकामागोमाग चालली. दहा पावलांवर गवताखाली डांबर लागलं, भेगाळलेलं, पण डांबरच, आणि त्यावर पुसट पांढरी रेघ. टेकडीच्या नाकाला वळसा घालून रस्ता तसाच पुढे गेला होता, कुणाची वाट न बघता.

"इथे दुसऱ्या गिअरवर यायचं," वडील काठीने दाखवत होते, "आणि इथे दरीकडच्या प्रवाशांनी डोळे मिटायचे."

मुलांनी दोरी धरून मोजायला सुरुवात केली. पुढे धावलेला एक घोळका वळणाच्या टोकाशी थांबून ओरडायला लागला. झुडपात एक पाटी उभी होती, गंजलेली, एका बाजूला कललेली. रंगारीकाकांनी हाताने वेली बाजूला केल्या. अक्षरं अजून वाचता येत होती: ‘आंधळं वळण. हॉर्न वाजवा.’

"हे माझं नाही," काका जवळ जाऊन म्हणाले. त्यांनी बोटाने एक अक्षर गिरवलं. "माझ्या आधीच्याचं आहे. ‘ळ’ बघा कसा काढलाय. मला असा कधी जमला नाही."

"मग वाजवायचा का?" प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने बसचालक आजोबांकडे बघत विचारलं.

"वाजवायचा म्हणजे? खात्याचा हुकूम आहे! मी तीन वर्षं रोज वाजवलाय इथे."

तिने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या आणि ‘पोंऽऽऽ’ केलं. मग पंचवीस जणांनी केलं, ट्रंकवाल्या बाईंनी केलं, आणि टेकडीने ते सगळं तस्संच परत पाठवलं. वडिलांनी काठी काखेत धरली, हवेतच स्टिअरिंग फिरवलं, गाल फुगवले आणि सगळ्यांवर कडी केली. टेपबाई दोरीचं एक टोक धरून उभी होती. आकडा लिहायची वही तिच्या हातात होती; ती तिने काखोटीला मारली, इकडेतिकडे बघितलं, आणि मग तिनेही एकदा, जरा चोरूनच, हॉर्न वाजवला.